खानदेशातलं 'गाडलेलं इंजिन' : आधी ते इंजिन होतं का ते बघा

फिशप्लेट
गिरणाकाठ यांनी परवा लिहिलं की जळगाव-धुळ्याच्या जुन्या जिनिंग, गिरण्या आणि ऊसमळ्यांतली छोट्या रुळांची वाफेची इंजिनं कुठेतरी जमिनीत गाडलेली असणार, तर रविवारी मेटल डिटेक्टर घेऊन निघू आणि गावातल्या म्हाताऱ्यांना विचारत जाऊ. खाली 'मस्त', 'मी पण येतो' यांचा पाऊस. राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितो.

सात-आठ टन लोखंड कुणी पुरत नाही, विकतो. क्रमही ठरलेला असतो. आधी तांब्याचा फायरबॉक्स निघतो, मग इंजेक्टर, कॉक आणि बेअरिंगचं पितळ. फ्रेम आणि चाकं गॅस कटरखाली सगळ्यात शेवटी जातात. मागे उरलंच तर बॉयलरचं नळकांडं उरतं, कारण ते कामाला येतं. पाण्याची टाकी होते, डांबर तापवायचं पिंप होतं. म्हणजे जमिनीखाली नाही, मळ्यात विहिरीशेजारी बघायचं.

आणि तिथेच फसगत होते. खानदेश कापसाचा मुलूख. गावात 'रेल्वेचं इंजिन' म्हणून जे दाखवतात ते बहुतेकदा जिनिंगचं पोर्टेबल इंजिन असतं, बैलांनी ओढून आणायचं. त्याच्या चाकाला फ्लँज, म्हणजे रुळावर धरून ठेवणारी कड, नसते, सिलिंडर बॉयलरच्या डोक्यावर असतो, बाजूला फ्लायव्हील. सगळं निघून नुसतं नळकांडं राहिलं असेल तर वरचा भाग चाचपा. सिलिंडर आणि क्रँकशाफ्टचे ब्रॅकेट बसवल्याची भोकं पाठीवर सापडली की ते पोर्टेबल, रुळांवर कधी गेलेलं नाही. लोकोच्या, म्हणजे रुळांवरच्या इंजिनाच्या, बॉयलरला ही भोकं नसतात, त्याचा मामला खाली असतो. स्मोकबॉक्सच्या (बॉयलरच्या पुढच्या धुराच्या डब्याच्या) तळाला सॅडलच्या, म्हणजे बैठकीच्या, बोल्टांची रांग आणि मधोमध वापरलेली वाफ सोडणाऱ्या ब्लास्ट पाईपचं भोक. पाच मिनिटांचं काम आहे.

गिरणाकाठ
काय सांगी ऱ्हायनात भो! 'गाडलेलं' हा शब्द चुकला, मान्य, चला. पण तुमचा रोख दिसतोय, की कागद असेल तरच खरं. बनवणाऱ्याचं रजिस्टर काय सांगतं? अमुक नंबरचं इंजिन, तमुक गेज (दोन रुळांमधलं अंतर), मुंबईच्या एजंटाच्या नावे रवाना. गोष्ट बंदरावर संपते. पुढे ते बेलापूरच्या साखर कारखान्याला गेलं, मळ्यात गेलं की धरणाच्या कामावर, ते रजिस्टरात नसतं. ते माणसांनाच माहीत असतं आणि ती माणसं आता नव्वदीला आली. कागद दहा वर्षांनीही तिथेच असेल, आजोबा नसतील.

सेहेचाळीस_पी
दोघांचं ऐकून मध्ये पडतो. माणसांना विचाराच, पण काय विचारायचं ते ठरवून जा. 'इंजिन होतं का?' म्हटलं की समोरचा हो म्हणणारच, पाहुण्याला नाही कोण म्हणेल. 'गाडी कोण ओढायचं?' असं विचारा. उसाच्या पुष्कळ रुळांवर बैलच ओढायचे.

रूळ सापडला तर तोच सांगतो. मीटरभर तुकड्याचं वजन किलोत घ्या आणि दुप्पट करा, साधारण तितके पौंड दर यार्डाला. सात किलो भरला तर चौदा पौंडी. जुना ठोकताळा असा की दर यार्डी दहा पौंडाला चाकामागे एक टन. चौदा पौंडीवर चाकामागे १.४ टन, चार चाकांचं साडेपाच टनांचं इंजिन जेमतेम, तेही स्लीपर जवळ जवळ असतील तर. आठ टनांच्या इंजिनाला वीस पौंडी हवा. झिजलेला-गंजलेला रूळ कमी भरतो हे धरून मोजा. वेबवर, म्हणजे रुळाच्या मधल्या उभ्या पट्टीवर, उठावाची अक्षरं दिसतात, त्यात कारखाना आणि साल असतं. ते साल रुळाचं, लाइनचं नव्हे. जुना रूळ उचलून नव्या जागी टाकायची रीत सगळीकडे होती.

नकाशा मात्र आधी. सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी एक इंच-एक मैलवाली शीटं. धुळे ४६ एल मध्ये, जळगाव ४६ ओ मध्ये, पाचोरा-जामनेर अख्खं ४६ पी मध्ये. ट्रामवेची, म्हणजे अशा छोट्या रुळांची, खूण वेगळी असते.

शेंदुर्णी_हॉल्ट
पाचोरा-जामनेरचं नाव निघालंच आहे तर बोलू द्या. हरवलेली इंजिनं कसली शोधता, डोळ्यांदेखत अख्खी पीजे हरवली! अडीच फुटी, ५६ किलोमीटर. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनला थांबली ती थांबलीच. आता ब्रॉडगेज होणार, बोदवडपर्यंत जाणार, हे ऐकतोय. त्याबद्दल या धाग्यावर एक ओळ नाही, आणि चौदा पौंड की वीस पौंड यावर निबंध.

फिशप्लेट
पीजे ७६२ मिलिमीटरची प्रवासी लाइन. विषय कारखान्यांच्या इंजिनांचा आहे.

शेंदुर्णी_हॉल्ट
वा. म्हणजे लोक बसले की इतिहास नाही, ऊस बसला की इतिहास. मग यवतमाळची छोटी गाडी शकुंतला, तीही बाद करा तुमच्या यादीतून.

फिशप्लेट
करतोच. शकुंतलेचं झेडडी क्लासचं वाफेचं इंजिन १९२१ ला मँचेस्टरमध्ये बनलं, १९२३ पासून धावलं आणि १५ एप्रिल १९९४ ला डिझेलने त्याची जागा घेतली. तारखेसकट माहीत आहे, म्हणजे ते हरवलेलं नाही. रेल्वेच्या इंजिनाला क्लास असतो, शेड असतं, नोंद असते. कारखान्याचं इंजिन फक्त मालकाच्या हिशेबवहीत आणि भंगारवाल्याच्या काट्यावर. शोधायची रीतच वेगळी, म्हणून वेगळं ठेवा म्हणतो. पीजेबद्दल तळमळ आहे तर स्वतंत्र धागा काढा.

शेंदुर्णी_हॉल्ट
काढला होता. तीन प्रतिसाद आले, त्यात दोन 'आठवणी जाग्या झाल्या'. बोदवडची गाडी येईल तेव्हा तिचं इंजिन तुम्ही कुठल्या खात्यात टाकता ते बघू.

सेहेचाळीस_पी
शेंदुर्णीचे आबा, तुमच्या रागात एक कामाची गोष्ट आहे, ती सांगून जातो. अडीच फुटी आणि दोन फुटी यांची गल्लत सर्रास होते आणि 'पीजेचं इंजिन' म्हणून कुठलंही खपवतात. चाकं जागेवर असतील तर आतल्या तोंडापासून आतल्या तोंडापर्यंत टेप लावा. ते माप गेजपेक्षा पाच-सहा सेंटीमीटर कमी येतं. ७० च्या आसपास आलं तर अडीच फुटी, ५५ च्या आसपास तर दोन फुटी. सहाशे आणि सहाशे दहा (दोन फूट) मिलिमीटर यांच्यात टेपने फरक पडत नाही, त्यावर भांडू नका. पहिल्या महायुद्धासाठी अमेरिकेच्या बाल्डविन कंपनीने सहाशेच्या गेजची ४९५ इंजिनं बनवली. त्यांतली काही युद्धानंतर आपल्याकडे दोन फुटीवर खपली. ७७८ नंबरचं उत्तर प्रदेशच्या साखर कारखान्यातून १९९४ ला इंग्लंडला गेलं.

गिरणाकाठ
बघा! सापडलं ते कारखान्याच्या आवारात, रजिस्टरात नाही.

फिशप्लेट
आणि ते ७७८ आहे हे कळलं कशावरून, आजोबांवरून?

पाटी गेलेली असते, ती पितळी. नंबर अंगावर असतो. कनेक्टिंग रॉड, कपलिंग रॉड, व्हॉल्व्ह गिअरचे तुकडे यांच्या टोकांना ठोकलेला. रॉकेल आणि तारेचा ब्रश, ग्राइंडर अजिबात नाही. टॉर्च आडवा धरून फोटो काढा, मग कागद ठेवून पेन्सिलीने घासा. एका रॉडवरच्या नंबरवर भरवसा ठेवू नका, दोन इंजिनांचे सुटे भाग एकात घालायची पद्धत होती. निदान तीन वेगळ्या भागांवर एकच नंबर आला तर ते इंजिन. बॉयलरचा नंबर वेगळा निघाला तर घाबरू नका, बॉयलर बदलतात. आणि बॉयलरवरचं पांढरं-करडं लगद्यासारखं आवरण खरवडू नका, ॲस्बेस्टॉस असू शकतं.

यानिमित्ताने बोलून घेतो. चौकाचौकात मांडलेल्या इंजिनांना दर २६ जानेवारीला ऑइलपेंट फासणाऱ्या सौंदर्यप्रेमींनी जेवढे नंबर बुजवले तेवढे गंजाने नाही बुजवले.

डांबरपिंप
दोघंही मोठी वही विसरताय, बॉयलर निरीक्षकाची. १९२३ च्या कायद्याने २२.७५ लिटरवरचा बॉयलर नोंदवावाच लागायचा. रेल्वेच्या ताब्यातल्या बॉयलरांना सूट देता येत होती, कारखान्याच्या लोकोला नाही. म्हणजे जे इंजिन रेल्वेच्या कागदात नाही ते इथे असायला हवं. महाराष्ट्रातला नोंदणी क्रमांक एमआर अक्षरांनी सुरू होतो आणि बॉयलरवर ठोकलेला असतो. मळ्यातल्या टाकीवर तो वाचता आला तर मालकाचं नाव मागता येईल. कायदा २०२५ ला बदलला म्हणून जुन्या वह्या रद्दीत जायच्या आत अर्ज करा. गंमत म्हणजे जिनिंगचं पोर्टेबलही त्याच वहीत येतं, त्यामुळे फिशप्लेट यांनी सांगितलेली पाठीवरची भोकं आधी तपासा.

आणि फाउलर कंपनीची पाटी दिसली म्हणून रेल्वेचं इंजिन मिळालं असं समजून नाचू नका. लीड्सच्या त्याच कारखान्याने नांगरणीची इंजिनं आणि रोड रोलरही बनवले.

गिरणाकाठ
म्हणजे माणसाने सांगितलेल्या मळ्यात जायचं, टाकीवरचा नंबर वाचायचा आणि मग कागद. माझाच क्रम झाला की.

फिशप्लेट
डिटेक्टर वजा करून, हो.

गिरणाकाठ
बरं, डिटेक्टर घरी. रविवारी टेप, तारेचा ब्रश, रॉकेल, टॉर्च, पेन्सिल आणि वजनकाटा. मास्तर खूश?

सेहेचाळीस_पी
काटा पन्नास किलोचा आणा, वीसचा नको. गोठ्याच्या आढ्याला रूळ असेल तर तो दोन-तीन मीटरचा असतो आणि शेतकरी तुमच्यासाठी कापून देणार नाही. अख्खा लटकवा, लांबी मोजा, भागा.