आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) हरवली, गाडी विकायची आहे. आधी काय करू?

प्रश्न: २०१४ ची वॅगनआर, एमएच-१२ पासिंग. आरसीचं स्मार्ट कार्ड सापडत नाही. कर्ज २०१९ मध्येच फिटलं, पण ऑनलाइन बघितलं तर बँकेचा बोजा (गाडीवरच्या कर्जाची नोंद) अजून दिसतोय. गिऱ्हाईक पुण्यातलंच आहे. ते म्हणतंय, डिजिलॉकरची प्रत आणि गाडी नावावर करायच्या फॉर्म २९-३० वर सह्या द्या, बाकीचं एजंट बघेल. देऊ का?

उत्तर १: अजिबात देऊ नका. डिजिलॉकरची आरसी रस्त्यात पोलिसांना दाखवायला चालते, नावावर करायला मूळ कार्ड लागतं. म्हणून आधी डुप्लिकेट काढा. पोलिसांकडून गहाळ झाल्याचा दाखला घ्या आणि त्यात गाडीचा नंबर नीट लिहिलाय का ते तिथेच तपासा. मग परिवहनच्या साइटवर डुप्लिकेट आरसीचा अर्ज, म्हणजे फॉर्म २६. सोबत चालू विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा. चलनं थकली असतील तर आधी भरून टाका, नाहीतर अर्ज तिथेच अडकेल.

उत्तर २: तुमची खरी अडचण बोजाची आहे. कर्ज फिटलं म्हणून तो आपोआप उतरत नाही. बोजा असेपर्यंत फॉर्म २६ वरही फायनान्सरची सही लागते. त्यामुळे पहिली फेरी बँकेत मारा: एनओसी (बँकेचं ‘हरकत नाही’ पत्र) आणि बोजा उतरवायचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५, दोन प्रती. जुनी एनओसी घरात असली तरी तिची मुदत बघा. संपली असेल तर नवी मागा.

प्रश्नकर्ता: साइट चेसिस नंबर मागतेय, तो कुठून आणू?

उत्तर १: विमा पॉलिसीवर चेसिस आणि इंजिन, दोन्ही नंबर असतात. चेसिसचा ठसा मागितला तर पत्र्यावर कोरलेला नंबर फडक्याने स्वच्छ पुसा, पातळ कागद घट्ट धरा आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासा. ग्रीस राहिलं तर आकडे फुटतात. ३ आणि ८ मधला फरकही कळत नाही.

उत्तर ३: कोऱ्या फॉर्मवर सही का करू नये, तेही लक्षात घ्या ताई. नोंदणी ज्याच्या नावावर, तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अपघात भरपाईच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलंय. गाडी गेली आणि नाव तुमचंच राहिलं, तर भरपाईचा दावा तुमच्या दारात येईल. फॉर्ममध्ये खरेदीदाराचं नाव, पत्ता, तारीख भरल्यावरच सही करा. ताबा देताना तारीख आणि वेळ लिहून पावती घ्या. विक्री आरटीओला १४ दिवसांत कळवणं हे विकणाऱ्याचं काम आहे, ते एजंटवर सोडू नका. नाव बदललेलं ऑनलाइन दिसेपर्यंत थोडी रक्कम अडकवून ठेवायची असेल, तर ती खरेदीदाराकडून अनामत म्हणून घेऊन तुमच्याकडे ठेवा. मग तोही घाई करेल.