मदत हवी आहे: थंडीत घरी फिल्म डेव्हलप करताना निगेटिव्ह पातळ येतायत

नाशिकला राहतो, फ्रीलान्स काम करतो, सकाळी धुक्यात गोदाघाटावर पेंटॅक्स के१००० या फिल्म कॅमेऱ्यावर फोटो काढतो. फिल्म इलफर्ड एचपी५ (ब्लॅक अँड व्हाइट), आयएसओ ४०० लाच शूट केलेली, डी-७६ डेव्हलपर १+१ (म्हणजे तेवढंच पाणी मिसळून) मध्ये ११ मिनिटं, ही वेळ २० डिग्रीसाठीची. नळाचं पाणी १५ डिग्री आहे, डेव्हलपर २० पर्यंत गरम करून ओतला तरी शेवटी १७ वर आला, आणि फिल्मच्या कडेला कारखान्यातूनच आलेले नंबरसुद्धा फिके आलेत म्हणजे एक्स्पोजरचा दोष नसावा. दुसऱ्या रोलला टँक (फिल्म डेव्हलप करायचा बंद डबा) गरम पाण्याच्या टबात ठेवला तर तापमान थेट २३ वर गेलं. पेमेंट अडकलंय त्यामुळे हीटर आत्ता शक्य नाही, आणि ते धुक्यातले रोल वाया घालवायचे नाहीयेत. तर १७ वरच डेव्हलप करायचं ठरवलं तर ११ ऐवजी किती मिनिटं द्यावीत?