गाडी न थांबणारं स्टेशन: तुमच्या आठवणी सांगा

सुरुवात मीच करतो. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमच्या स्टेशनात आता एकही गाडी थांबत नाही, पण बसचा कंडक्टर अजून "चला, स्टेशनवाले!" म्हणूनच उतरवतो. १८८२ ची सदर्न मराठा रेल्वे, १९०८ पासून मद्रास अँड सदर्न मराठा, १९५१ ला सदर्न, १९६६ ला साउथ सेंट्रल, २००३ ला साउथ वेस्टर्न. मालक पाच झाले, डोक्यावरची कौलं तीच. तुमच्या गावचं सांगा.

देसूरकडून: वडील सांधेवाले होते, म्हणजे रूळ बदलणारे. मीटरगेजची एकेरी लाइन. पुढच्या स्टेशनानं परवानगी दिली की यंत्रातून लोखंडी गोळा सुटायचा, तोच ड्रायव्हरचा पुढं जायचा परवाना; तो चामडी पिशवीत, पिशवी वेताच्या कड्याला. न थांबणाऱ्या गाडीपुढं वडील कडं उंच धरायचे, ड्रायव्हर हात घालून ते ओढून घ्यायचा आणि आधीचं कडं खाली टाकायचा. एका पावसाळी रात्री ते करवंदीच्या जाळीत पडलं. तो गोळा यंत्रात गेल्याशिवाय मागची गाडी सुटणार नाही. आम्ही तिघं भावंडं कंदील घेऊन जाळीत शिरलो. आई आमचे काटे काढत बसली, वडील मात्र आधी गोळा पुसत होते. माझा तेव्हाचा राग अजून गेलेला नाही.

बेळगावहून: आजी पहाटेच्या पॅसेंजरनं रताळी घेऊन यायची. पोतं डब्यात चढेपर्यंत ओरडायची, "थांबा की ओ मास्तर!" मास्तर थांबायचे. पुठ्ठ्याचं तिकीट ती कनवटीला लावायची. घामानं तारीख पुसली की तपासनीसाशी भांडण ठरलेलं.

रायबागकडून: चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेला डब्यात पाय ठेवायला जागा नसायची. नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज आली, गाड्या लांब आणि जोरात झाल्या. छोट्या स्टेशनांचं तेव्हाच संपलं, असं माझं मत.

लोंढ्याहून: एवढं निराश होऊ नका ओ. गोवा पोर्तुगीजांकडं असताना १९५५ ला भारताच्या नाकेबंदीत गोव्याची गाडी बंद पडली, कॅसलरॉकपुढं रूळ नुसते पडून. गोवा सुटल्यावर झालीच की चालू.

खानापूरहून: आमच्या जुन्या फलाटावर सुगीला भात वाळतो, एरवी पोरं भरतीचा अभ्यास करतात. घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा मात्र तिथं शोधू नका. तो देवळात आहे, काकडआरतीला वाजतो. कुणी आणला ते विचारायचं नाही.