स्टेनोमास्क हातात न धरता वापरायचा असेल, तर कोणते साहित्य घ्यावे?

प्रश्न

नमस्कार. मी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात कोर्ट रिपोर्टर आहे आणि स्टेनोमास्कमध्ये, म्हणजे आवाज बाहेर जाऊ न देणाऱ्या, आत मायक्रोफोन असलेल्या मास्कमध्ये बोलून कामकाजाची नोंद घेते. वकील, साक्षीदार आणि न्यायाधीश जे बोलतील ते मी मास्कमध्ये दबक्या आवाजात शब्दशः उच्चारते, संगणकावरील ड्रॅगन हे आवाज ओळखणारे सॉफ्टवेअर ते अक्षरांत उतरवते आणि एक्लिप्स या प्रतिलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा प्रतिलेख तयार होतो.

माझी अडचण मुख्यतः वकिलांच्या कार्यालयात होणाऱ्या डिपॉझिशनच्या (न्यायालयाबाहेर शपथेवर घेतल्या जाणाऱ्या साक्षीच्या) वेळी जाणवते. साक्षीदाराला शपथ देणे, एक्झिबिटवर (पुराव्याच्या कागदावर किंवा वस्तूवर) क्रमांकाची चिठ्ठी लावणे, पडद्यावर चुकलेले नाव तिथल्या तिथे दुरुस्त करणे ही सगळी कामे एका हाताने करावी लागतात, कारण दुसऱ्या हातात मास्क असतो. दुपारनंतर अंगठ्याचा सांधा आणि मनगट ठणकू लागते. डोक्याला बांधायचा पट्टा, टेबलाला लावायचा स्टँड आणि मास्क सोडून साधा हेडसेट असे तीन मार्ग मला दिसतात. यांपैकी कोणता घ्यावा? सोबत पायाने चालवायचे पेडल घ्यावे का, आणि या बदलाने अचूकता घटेल का?

उत्तर १

ताई, साहित्य निवडण्याआधी मास्क नेमके काय करतो ते पाहिले, तर निवड सोपी होईल. १९४० च्या दशकात होरेस वेब या लघुलेखकाने ही पद्धत शोधली, तेव्हा त्याने मायक्रोफोन आधी सिगारच्या खोक्यात, मग टोमॅटोच्या डब्यात बसवून पाहिला आणि शेवटी तो वैमानिकाच्या रबरी मास्कपर्यंत पोहोचला. ही सारी खटपट रिपोर्टरचा आवाज शेजारी बसलेल्यांना ऐकू जाऊ नये यासाठी होती. संगणक आवाज ओळखू लागल्यापासून मास्ककडे दुसरे काम आले, ते म्हणजे ओठ आणि मायक्रोफोन यांतील अंतर दिवसभर तेच राखणे. हात मोकळे करणारे प्रत्येक साधन या दोन्ही कसोट्यांवर तपासावे.

हेडसेट पहिल्याच कसोटीवर बाद होतो. घरी बसून थेट उपशीर्षके देणाऱ्यांना तो उत्तम आहे, पण टेबलापलीकडच्या साक्षीदाराला स्वतःचेच शब्द परत ऐकू येऊ लागले, तर तो अडखळतो आणि वकील हरकत घेतात. त्यावर उपाय म्हणून कुजबुजत बोलू नये. कुजबुजीत स्वरतंतूंचे कंपन नसल्यामुळे संगणकाला शब्द नीट ओळखता येत नाहीत, आणि घशावर ताण येतो तो वेगळाच.

डिपॉझिशनसाठी मी स्टँडच सुचवेन. लवचिक नळीचा घेऊ नका, कारण मास्कच्या वजनाने ती हळूहळू वाकते आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. दोन सांध्यांचा, स्क्रूने घट्ट होणारा हात असलेला घ्या. आधी खुर्चीची उंची ठरवा, पाठ टेकून ताठ बसा आणि मगच मास्क तोंडाजवळ आणा. त्याची खालची कड खालच्या ओठाखालील खळगीत बसली पाहिजे आणि वरून पडदा दिसला पाहिजे. मास्कपर्यंत पोहोचण्यासाठी मान पुढे काढावी लागत असेल, तर मनगटाचे दुखणे मानेत जाईल. गालाजवळ फट राहिली की आवाज बाहेर झिरपतो, म्हणून एखाद्या सहकाऱ्याला टेबलापलीकडे बसवून एकदा खात्री करून घ्यावी.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. वकिलांच्या कार्यालयांतील टेबले कधी काचेची, कधी गोलसर कडेची असतात आणि त्यांवर क्लॅम्प धरत नाही. शिवाय कोणी जाडजूड फाइल टेबलावर टाकली की तो धक्का स्टँडमधून थेट मायक्रोफोनपर्यंत पोहोचतो. म्हणून जमिनीवर उभा राहणारा घडीचा स्टँड गाडीत ठेवावा आणि क्लॅम्प लावलाच, तर त्याखाली रबराचा जाड तुकडा घालावा.

पेडल अवश्य घ्या, मात्र त्याच्यावर मायक्रोफोन बंद-चालू करणे आणि नंतर तपासायच्या जागी खूण करणे एवढीच दोन कामे सोपवा. वक्ता बदलल्याची नोंद पायाने करू नये. एनव्हीआरए या आवाजाने नोंद घेणाऱ्या रिपोर्टरांच्या अमेरिकी संघटनेच्या सीव्हीआर या प्रमाणपत्र परीक्षेत प्रश्नोत्तरांचा वेग मिनिटाला २५० शब्द असतो आणि ९५ टक्के अचूकता लागते. त्या वेगात पाय मागे पडतो. प्रश्न आणि उत्तर यांचे संकेतशब्द तोंडानेच उच्चारलेले बरे.

उत्तर २

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु पट्ट्याचा विचार सोडून देऊ नये, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. ज्यूरीसमोर खटला चालू असताना न्यायाधीश वकिलांना जवळ बोलावतात, तेव्हा रिपोर्टरलाही उठून तिथे जावे लागते. अशा वेळी टेबलावरचा स्टँड निरुपयोगी ठरतो, आणि एका हातात मास्क, दुसऱ्यात लॅपटॉप अशी कसरत करण्यापेक्षा पट्टा कितीतरी चांगला. बोटांना संधिवात असलेल्यांना तर तो व्यवसायात टिकवून ठेवतो.

पट्टा एका झटक्यात सुटणाऱ्या बकलचा असावा. साक्षीदाराचे उत्तर ऐकू आले नाही, तर आपल्याला तत्क्षणी मोठ्याने थांबवावे लागते, आणि मास्क सोडवण्यात वेळ गेला, तर पुढचे वाक्य हातचे जाते. तो करकचून आवळू नका. श्वास कोंडतो आणि शब्दांची टोके गिळली जातात. सतत तोंडावर राहिल्याने आत दमटपणा साचतो, म्हणून आतला स्पंज वेळोवेळी बदलावा आणि रबरी कड प्रत्येक कामानंतर पुसावी.

उत्तर ३

मी महाराष्ट्रात जिल्हा न्यायालयात लघुलेखक आहे. आमच्याकडे साक्ष नोंदवताना बहुधा न्यायाधीश स्वतःच मजकूर सांगतात. तो सर्वांनी ऐकायचाच असतो, त्यामुळे मास्कची गरज भासत नाही. आवाजावरून टंकलेखन करताना मी वायरचा हेडसेट वापरतो. ब्लूटूथमध्ये आवाज दाबला जातो आणि क्षणभर मागे पडतो, एवढे आपल्यालाही उपयोगी पडावे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. डिपॉझिशनसाठी जमिनीवरचा स्टँड आणि न्यायालयासाठी पट्टा, असे दोन्ही घेण्याचे ठरवले आहे. आता दोन्हींसाठी ड्रॅगनमध्ये वेगवेगळे प्रोफाइल (माझा आवाज आणि शब्द साठवणारी नोंद) करावेत का?

उत्तर १ लिहिणाऱ्यांकडून

नाही, ताई. प्रोफाइल वेगळे केले, तर आपण शिकवलेली नावे आणि केलेल्या दुरुस्त्या दोन ठिकाणी विभागल्या जातील. आहे त्याच प्रोफाइलमध्ये ध्वनीचा दुसरा स्रोत जोडा, एकाला स्टँडचे आणि दुसऱ्याला पट्ट्याचे नाव द्या, आणि जागेवर बसल्यावर, कामकाज सुरू होण्यापूर्वी, मायक्रोफोनची चाचणी पुन्हा घ्या. पहिले काही प्रतिलेख ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहा. ‘स’ आणि ‘फ’चे इंग्रजी उच्चार वारंवार चुकत असतील, तर श्वास सरळ मायक्रोफोनवर आदळतो आहे असे समजावे आणि मास्क किंचित खाली कलता करावा.