धुळ्यात छोटे घर बांधायचे आहे: पैसा थोडा, ऊन फार, पहिला खर्च कशावर करावा?

पांझराकाठ (प्रश्न)

नमस्कार. धुळे शहराच्या हद्दवाढीत आलेल्या एका वसाहतीत आमचा २० बाय ३० फुटांचा प्लॉट आहे. त्यावर आज पत्र्याच्या दोन खोल्या आहेत. पंतप्रधान आवास योजनेतून, स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यांसाठीचे अडीच लाखांचे अनुदान आम्हाला मंजूर झाले असून त्यात घरची बचत आणि पतपेढीचे कर्ज मिळवले, तर जेमतेम सात लाख रुपये उभे राहतात. एवढ्या पैशांत साडेतीनशे चौरस फुटांच्या आसपास बांधकाम होईल, असे ठेकेदार सांगतात.

त्यांनी दिलेला नकाशा गल्लीतल्या इतर घरांसारखाच आहे: कॉलम, चार इंची भिंती, वर पाच इंची स्लॅब, आणि रस्ता पश्चिमेला असल्यामुळे त्या बाजूला मोठी सरकती काचेची खिडकी. माझ्या बहिणीचे घर अगदी असेच आहे. मे महिन्यात रात्री दोन वाजेपर्यंत तिच्या छताखाली बसवत नाही. कूलर आहे, पण नळाला पाणी पाच-सहा दिवसांआड येते, तेव्हा कूलरची टाकी भरायची की पिण्याचे साठवायचे, हा प्रश्न तिला रोज पडतो.

माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. त्यांचे बालपण शिंदखेडा तालुक्यातल्या एका धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात गेले, आणि ते घर भर दुपारीही गार असे, हे ते आजही सांगतात. म्हणून विचारते: मातीचे घर शहरात शक्य आहे का? राखेच्या विटा वापरल्या तर फरक पडेल का? आणि मुख्य म्हणजे, हाती असलेल्या पैशांपैकी पहिला खर्च कशावर करावा?

जोते-ते-गच्ची (जळगाव, स्थापत्य अभियंता)

ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. पहिला खर्च छतावर करा. भिंतींची चर्चा फार होते, परंतु आपल्या अक्षांशावर उन्हाळ्यातला मुख्य शत्रू वरून येतो.

धुळे साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या अखेरीस भर दुपारी सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायातच पडते. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळपास लागत नाही, थोडासा सज्जाही तिला पुरतो. मात्र गच्ची सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत तापत राहते आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत तिच्या जोडीला येते. पाच इंची काँक्रीट ही उष्णता पोटात साठवते आणि आपण जेवून अंथरूण घालतो त्या वेळी ती खाली सोडू लागते. आपल्या बहिणीला रात्री दोनपर्यंत जो त्रास होतो, तो दुपारी साठलेल्या उन्हाचा आहे.

सर्वांत स्वस्त उपाय चुन्याचा आहे. राखाडी सिमेंट ऊन शोषते, तर ताजा चुना त्याचा बहुतांश भाग परत आकाशात पाठवतो. अहमदाबाद शहराने २०१३ साली उष्णतेपासून बचावाचा आराखडा तयार केला. पुढे तेथे गरीब वस्त्यांच्या छतांना पांढरा रंग देण्याची मोहीम त्याला जोडली गेली, आणि अशा छतांखाली खोलीचे तापमान दोन ते पाच अंशांनी उतरल्याचे अनुभव आहेत. चुना पावसाने धुऊन जातो, म्हणून तो दरवर्षी द्यावा लागतो. आपल्याकडे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घर झाडून-पुसून घेतातच. त्याच्या आधीच्या आठवड्यात गच्चीला दोन हात द्यावेत. चुना रात्रभर भिजवून, गाळून, त्यात चिकटपणासाठी डिंक मिसळावा. गच्ची आधी घासून धूळ काढली नाही, तर तो पापुद्रे धरतो.

दुसरा उपाय विटांच्या तुकड्यांच्या कोब्याचा आणि त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या फुटक्या लाद्यांचा. हा टिकाऊ आहे, गळतीही थांबवतो. पण पुढेमागे वर मजला चढवायचा असेल, तर हाच कोबा फोडावा लागतो आणि त्याचे पैसे वाया जातात. शिवाय त्याचे वजन मोठे असल्यामुळे स्लॅबचा हिशोब करतानाच ते धरावे लागते. मजल्याचा विचार असेल तर आज फक्त चुना द्यावा.

राखेच्या विटांबद्दल एक गैरसमज दूर करतो. दीपनगरच्या औष्णिक केंद्रामुळे आपल्या भागात राख मिळते, आणि तिच्या विटा वापरल्याने भट्टीचा कोळसा व शेतातली सुपीक माती वाचते, हे खरे आहे. मी स्वतः त्या वापरतो. परंतु त्यांनी घर थंड होत नाही, कारण उष्णता वाहून नेण्याच्या बाबतीत ती वीट मातीच्या भाजक्या विटेहून फार वेगळी नाही. हलके एएसी ब्लॉक (पोटात हवेची बारीक छिद्रे असलेले सिमेंटचे ठोकळे) खरोखर उष्णता अडवतात. पैसे पुरले तर तेवढी पश्चिमेची भिंत त्यांची करावी.

धाब्याच्या घराबद्दल आपले वडील म्हणतात ते सत्य आहे. जाड भिंती आणि हातभर मातीचे छत दिवसाची उष्णता आत पोहोचूच देत नाहीत. तरीही ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगावली, ती मुख्यतः गोट्यांच्या, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत न गुंफलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरची जड मातीची छते कोसळून. ती रचना जशीच्या तशी पुन्हा उभी करण्याचा सल्ला मी देणार नाही.

चाळीसगावचा गवंडी

ताई, मी चाळीस वर्षे थापी धरली आहे आणि तरुणपणी धाब्याच्या घरांची दुरुस्तीही केली आहे. तुळया, त्यांवर कड्या, त्यांवर तुराट्या किंवा काटक्यांचा थर, मग पाला आणि सर्वांत वर खारी माती, अशी ती रचना असे. मृग लागण्यापूर्वी दरवर्षी नवी खारी टाकून धाबे चोपावे लागे आणि पन्हाळी मोकळ्या कराव्या लागत. सगळे घर त्या कामाला लागत असे. आज शहरात ती माती आणायची कोठून, आणि दरवर्षी छतावर चढायचे कोणी? घर गार होते, यामागे त्या माणसांची मेहनत होती, एवढेच मला सांगायचे आहे.

मातीच्या घराबद्दल विचारले आहे, तर मातीच्या दाबलेल्या विटांबाबत खबरदारीचा शब्द सांगतो. पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलमध्ये मातीत शेकडा पाच टक्के सिमेंट घालून, यंत्रात दाबून, न भाजता विटा करतात आणि त्या उत्तम टिकतात. पण त्यासाठी वाळूचा अंश असलेली माती लागते. आपल्या प्लॉटच्या खड्ड्यातून निघेल ती काळी माती. ती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. एका मालकाच्या आग्रहाखातर मी अशा मातीच्या विटा लावल्या होत्या. पहिल्याच पावसाळ्यात त्यांच्या कडा सुटल्या, आणि ती चूक मालकाइतकीच माझीही होती. मुरूम आणि रेती मिसळून, आधी चार विटा करून आठवडाभर पाण्यात ठेवून पाहाव्यात, मगच पुढे जावे.

हीच काळी माती पायाखालीही आहे, हे विसरू नका. पाया मुरुमापर्यंत न्यावा, खड्डा काळ्या मातीने परत न भरता मुरुमाने भरून पाणी मारून चोपावा, आणि घराभोवती तीन फुटांची फरशी उतार देऊन करावी, म्हणजे पावसाचे पाणी जोत्याशी मुरणार नाही. येथे वाचवलेले दहा हजार रुपये पुढे प्रत्येक भिंतीच्या तड्यातून दिसतात.

भिंतीसाठी केरळात वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी रुजवलेली एक पद्धत मला पटली आहे. तीत विटा उभ्या कडेवर लावून नऊ इंची भिंतीच्या पोटात पोकळी ठेवतात. विटा जवळपास पाव हिश्श्याने वाचतात, मसालाही कमी लागतो, आणि आतली हवा उष्णता अडवते. अडचण अशी की आपल्या भट्टीच्या विटा एकसारख्या मापाच्या नसतात, त्यामुळे निवडून घ्याव्या लागतात. दुसरी अडचण जागेची आहे: चार इंचीऐवजी नऊ इंची बाहेरच्या भिंती केल्या, तर एवढ्याशा घरातून पंचवीस-तीस चौरस फूट जागा भिंतींच्या पोटात जाते. लहान घरात ती एक मोरी असते. म्हणून ठेकेदार चार इंची भिंत सुचवतात, त्याला नुसता लोभ समजू नये.

शिरपूरकर (नाशिक, वास्तुरचना शिकवतो)

दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. मी एका वेगळ्या बाजूकडे लक्ष वेधतो, कारण आपण आज जे बांधणार आहात ते घर पंधरा वर्षांनी असे राहणार नाही. मुले मोठी होतील, वर मजला चढेल, कदाचित खाली दुकान निघेल.

आपल्या गावावरून जाणारा आग्रा रस्ता सातपुडा ओलांडून इंदूरला पोहोचतो. तेथे वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी यांनी १९८० च्या दशकात अरण्य नावाची वसाहत आखली. सुमारे साडेसहा हजार प्लॉट, त्यांतला सर्वांत लहान ३५ चौरस मीटरचा. अगदी गरीब कुटुंबांना पूर्ण घर बांधून देण्याचा अट्टाहास न करता त्यांनी जोते, शौचालय-न्हाणी आणि पाणी-सांडपाण्याची जोडणी एवढेच पक्के करून दिले. पुढची खोली, जिना आणि ओटा ज्याने-त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे वाढवला. नमुन्यादाखल ऐंशी घरे तेवढी बांधून दाखवली. चिलीच्या इकिके या वाळवंटी शहरात वास्तुरचनाकार आलेहांद्रो आरावेना यांनी २००४ च्या सुमारास सुमारे शंभर कुटुंबांना त्यांच्या मूळ जागेवरच ‘अर्धे घर’ बांधून दिले: कुटुंबामागे जमिनीसह साडेसात हजार डॉलर मिळत होते, तेवढ्यात चांगले पूर्ण घर होत नव्हते, म्हणून जो अर्धा भाग कुटुंबाला स्वतः बांधता येणे कठीण, तो आधी बांधला आणि शेजारी तेवढीच मोकळी जागा सोडली.

यातून आपल्यासाठी निघणारी गोष्ट अशी. जिना आजच ठरवा, तो घराबाहेर ठेवा आणि पश्चिमेला ठेवा. जिना आणि त्याखालचे शौचालय पश्चिमेच्या भिंतीपुढे आले, तर दुपारचे ऊन त्यांच्यावर पडेल आणि राहती खोली त्यांच्या सावलीत राहील. दर्शनी बाजूची मोठी काच मग आपोआप रद्द होते. तिच्याऐवजी पूर्वेला आणि उत्तरेला खिडक्या घ्याव्यात आणि छतालगत दोन झरोके ठेवावेत, म्हणजे वर साठलेली गरम हवा रात्री निघून जाईल. जिना पश्चिमेला घेताना समोर किती अंतर सोडावे लागते, हे महापालिकेच्या परवानगीच्या नकाशात आधी पाहून घ्यावे.

छताबाबत एक भर घालतो. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमधील गांदो या गावी वास्तुरचनाकार फ्रान्सिस केरे यांनी २००१ साली शाळा बांधली, तिथे मातीच्या विटांच्या छतावर काही अंतर सोडून पत्र्याचे दुसरे छत उचलून धरले आहे. मधून वारा वाहतो आणि खालच्या छताला ऊन लागत नाही. खानदेशात गच्चीवर पत्र्याचे शेड घालण्याची पद्धत आपोआप रूढ झाली आहे, आणि तिचे तत्त्व हेच आहे. मात्र ते शेड चारही बाजूंनी बंद करू नये.

जोते-ते-गच्ची

शेडच्या सूचनेला माझा विरोध नाही, परंतु रावेर-यावलकडे मे-जूनच्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात, हे आपण दरवर्षी पाहतो. तेच वादळ गच्चीवरचे पत्रे उडवते. खांब स्लॅबवर नुसते टेकवू नयेत. ते कॉलमच्या सळईशी बांधून घ्यावेत. ज्या कॉलमच्या सळया पुढच्या मजल्यासाठी उघड्या ठेवाल, त्यांना हलक्या काँक्रीटचे आवरण द्यावे, नाहीतर गंजून आठ-दहा वर्षांनी त्या निरुपयोगी ठरतात. वाढीव घराची कल्पना मोठमोठ्या आराखड्यांपेक्षा या चार गंजक्या सळयांपाशी जास्त वेळा अडते.

पांझराकाठ

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. काल संध्याकाळी वडिलांना सर्व उत्तरे वाचून दाखवली. खारी टाकण्याचा मजकूर ऐकून ते बराच वेळ गप्प बसले, आणि मग म्हणाले की ती माती डोक्यावरून वाहण्याचे काम त्यांच्या आईचे असे.

आम्ही असे ठरवले आहे: पाया गवंडी दादांनी सांगितल्याप्रमाणे मुरुमापर्यंत, जिना आणि शौचालय पश्चिमेला, काचेची खिडकी रद्द, पश्चिमेची एकच भिंत एएसी ब्लॉकची आणि बाकी भिंती साध्या. सात-आठ वर्षांनी वर एक खोली चढवायची असल्यामुळे कोबा घालणार नाही. गच्चीला दर आखाजीला चुना देऊ. शेडसाठी या वर्षी पैसे उरणार नाहीत, म्हणून त्याचे खांब बसवण्याच्या जागा तेवढ्या आत्ताच सोडून ठेवू.

एक शंका राहिली आहे. अनुदानाचे हप्ते बांधकामाच्या टप्प्यांनुसार, फोटो पाहून मिळतात. पाया खोल गेला आणि मुरूम भरला, तर जोत्यापर्यंतचाच खर्च पहिल्या हप्त्याहून बराच वाढेल. ही तूट ठेकेदाराकडून उधारीवर न घेता कशी भरून काढावी, याचा कोणाला अनुभव असल्यास कृपया लिहावे.

चाळीसगावचा गवंडी

ताई, खोदाई आणि मुरूम भरण्याचे काम ठेकेदाराच्या दरात धरू नका, ते वेगळे काढा. जेसीबी तासाच्या भाड्याने मिळतो आणि मुरूम ट्रॅक्टरच्या खेपेवर मिळतो. दोन्ही स्वतः उभे राहून करून घेतले, तर ठेकेदाराचा त्यावरचा नफा वाचतो. पत्र्याच्या खोल्या उतरवाल, तेव्हा त्यांचे अँगल आणि पत्रे भंगारात देऊ नका. पुढच्या शेडला तेच लागतील.