एकाच मापाचे दोन कॅमेरे समोर आहेत. तुम्ही कसा निवडलात?

जुळे_सोलापूरकरीण

मंडळी, गेल्या गड्ड्याला, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, मोबाईलवर साडेतीनशे फोटो काढले. ठेवावेत असे अकरा निघाले. नंदीध्वज (मिरवणुकीतली मानाची उंच काठी) लांब होता म्हणून दोन बोटांनी चित्र मोठं केलं, तर काठीवरचं बाशिंग ओल्या फडक्यानं पुसल्यासारखं दिसलं. संध्याकाळचे तर विचारूच नका. तेव्हाच ठरवलं, खिशात मावेल असा वेगळा कॅमेरा घ्यायचा. मोठा कॅमेरा आणि लेन्सची पिशवी गर्दीत सांभाळणं मला जमणार नाही.

भाच्याच्या ओळखीच्या एका फोटोग्राफरकडे दोन वापरलेले कॅमेरे आहेत. दोन्ही सोनीचे. एक आरएक्स१०० मार्क ३, २०१४ सालचा. दुसरा एचएक्स९०व्ही, २०१५ चा. शेजारी शेजारी ठेवले तर जुळी भावंडं वाटतात. लांबी-उंची तीच, बॅटरी तीच, वर उडणारी नजरखिडकी (डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर) दोघांनाही, पडदा पुढे उलटून स्वतःचा फोटो घेता येतो तोही दोघांना. पण पोटात जमीन-अस्मानाचा फरक. पहिल्याचा सेन्सर (उजेड टिपणारा आतला भाग) १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, झूम मात्र २४ ते ७० मिलिमीटर एवढाच (आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं). दुसऱ्याचा सेन्सर अंदाजे ६.२ बाय ४.५, पण झूम २४ ते ७२०. म्हणजे एकात चौपट मोठा सेन्सर आणि दुसऱ्यात दहापट लांब नजर. दोन्ही एकत्र का देत नाहीत, हे भाच्याला विचारलं तर म्हणाला, "मावशी, मग तो खिशात नाही, डोक्यावर घेऊन फिरावा लागेल."

आकडे मला आता पाठ झालेत, ते नकोत. दोन कॅमेरे हातात असताना तुम्ही एक का उचललात आणि पुढे काय झालं, ते सांगा. हेच दोन असले पाहिजेत असं नाही.

नान्नजचा_वाटसरू

एचएक्स९०व्ही चार वर्षं वापरतोय, तेव्हा माझं मत एकतर्फी समजा.

नान्नजच्या माळावर काळवीट रस्त्यापासून दीड-दोनशे मीटरवर उभं असतं. मित्राकडे आरएक्स होता. त्याचं म्हणणं, "२० मेगापिक्सेल आहेत, नंतर कापून मोठं करू." त्याला तिथंच हिशेब करून दाखवला. ७० चं ७२० करायचं तर चित्र दोन्ही बाजूंनी दहा दहा पट कापायला लागतं, म्हणजे शंभरातला एक भाग उरतो. दोन कोटी ठिपक्यांतले दोन लाख. त्यात काळवीट आहे की बाभळीचा बुंधा, हे काढणाऱ्यालाच ठाऊक. दुपटीपर्यंत कापा, पाच मेगापिक्सेल उरतात, चालून जातं. त्यापुढे स्वतःचीच फसवणूक.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर पाप लागेल. पूर्ण झूमवर भिंग एफ ६.४ वर जातं, म्हणजे आत येणारा उजेड फारच थोडा. पहाटे सहाला पोचून उपयोग नाही, चित्र दाणेदार येतं. नऊनंतर, त्यातही मार्च-एप्रिलला, जमीन तापून हवा थरथरायला लागते आणि लांबचं सगळं पाण्याखाली ठेवल्यासारखं हलतं. तो दोष कॅमेऱ्याचा नाही, लाखाचा घेतला तरी तेच. उजेड येईपर्यंत झूम आंधळा, उजेड चढला की हवा नाचते, मधला तास-दीड तास तेवढा आपला.

माळढोक? आम्ही लहान असताना दिसायचा म्हणून सांगतात तसं मीही आता सांगतो. चार वर्षांत एकही फोटो नाही.

पूर्व_भागातला_टॉवेलवाला

आमचं काम वेगळं आहे. चादर आणि टॉवेलचे फोटो काढून ऑनलाइन विकायचे. गिऱ्हाईक मरून बघून मागवतं, हातात विटकरी पडतो आणि माल परत येतो. त्यामुळे झूम-बिम आम्हाला सगळं सारखंच.

दोन कॅमेऱ्यांत निवड करायची होती तेव्हा (ते हे दोन नव्हते) मी एक जेकार्ड (विणीतच नक्षी असलेली) चादर आणि एक बारीक विणीचा पांढरा टॉवेल पिशवीत घालून दुकानात गेलो. दुकानदार हसला. काउंटरवर पसरून दोन्ही कॅमेऱ्यांनी फोटो काढले. एकात टॉवेलवर इंद्रधनुष्यासारख्या लाटा उमटल्या, ज्या कापडात नव्हत्याच. दुसऱ्यात कमी होत्या. विणीची जाळी आणि सेन्सरची जाळी एकमेकांवर पडली की असं होतं. अर्धा फूट मागे सरकलं किंवा जरा तिरकं धरलं की जातं, पण रोज पन्नास नग काढायचे तर कोण सरकत बसणार? कमी लाटांचा घेतला.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही. आपल्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. शटर फार वेगानं चाललं तर चादरीवर आडवे काळे पट्टे येतात. शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवा, पट्टे गायब. याच पट्ट्यांमुळे आमच्या मेव्हण्यानं चांगला कॅमेरा बिघडला म्हणून परत केला होता.

आणि ताई, रंगासाठी कुठलाही घ्या, पांढरा कागद समोर धरून व्हाइट बॅलन्स हातानं बसवा. ऑटोवर ठेवला की पिवळ्या बल्बखाली सगळ्या सोलापुरी चादरी हळदीत बुडवल्यासारख्या येतात.

फक्त_वाचतो

आजकालच्या फोनला सगळं येतं. हे पैसे शेंगा चटणीत घाला.

जुळे_सोलापूरकरीण

चटणी घरी होते हो. बाशिंग नाही होत.

चष्मेवाले_काका

वय ६८. रेल्वेतून निवृत्त. मी कॅमेरा निवडला तो नजरखिडकीवर, आणि याबद्दल मला कोणी वेड्यात काढू नये.

एप्रिलमध्ये दुपारी बाराला सिद्धेश्वर तलावाच्या काठी उभं राहून कुठल्याही कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यात बघा. स्वतःचं टक्कल दिसतं, बाकी काही नाही. आपल्याकडे वर्षातले आठ महिने असंच ऊन. खिडकीला डोळा लावला की अंधार होतो, चित्र स्वच्छ दिसतं आणि कॅमेरा कपाळाला टेकल्यानं हातही हलत नाही. शिवाय खिडकीशेजारी चष्म्याचा नंबर जुळवायची बारीक कळ असते. ती फिरवली की चष्मा काढूनही दिसतं. ज्या कॅमेऱ्यात ही खिडकी नव्हती तो बाकी सगळ्यात सरस होता, तरी मी ठेवून दिला.

तू म्हणतेस त्या दोघांनाही खिडकी आहे, पण सारखी नाही. आरएक्स मार्क ३ ची १४ लाख ४० हजार ठिपक्यांची, एचएक्सची ६ लाख ३८ हजारांची. दोन्हींतून एकदा बघ. माझ्यासारख्या डोळ्यांना फरक लगेच कळतो, तुला कदाचित कळणार नाही. आरएक्सची एक खोड सांगतो. खिडकी आत ढकलली की कॅमेराच बंद होतो. जावयाच्या कॅमेऱ्याचं असं झालं तेव्हा मला वाटलं मोडला.

आणि एक काम कर, बाई. ते साडेतीनशे फोटो पुन्हा उघड आणि मोज. लांबचे किती, जवळचे किती, अंधारातले किती. लोक कॅमेरा घेताना जे काढायची इच्छा आहे ते डोळ्यांपुढे आणतात. तू काय काढतेस ते फोनमध्येच पडलंय.

पोळलेला

वापरलेला घेताय म्हणून लिहितो. गावाचं नाव, दुकानाचं नाव काढत नाही. झूमवाला एक छोटा कॅमेरा घेतला होता, वरून नवाकोरा. घरी आणून चालू केला, भिंग बाहेर आलं, कर्रर्र आवाज झाला आणि पडद्यावर 'लेन्स एरर'. दुकानदार म्हणे, "देताना चालू होता ना?" चालू होता, पण एकदाच चालू करून बघितला होता.

पुढच्या वेळी अर्धा तास घेतला. दहादा चालू-बंद, दहादा झूम आत-बाहेर, कान लावून. मग घरून नेलेली बॅटरी आणि कार्ड घालून, एफ ११ वर, कोऱ्या पांढऱ्या भिंतीचा फोटो, आणि तो मोठा करून कोपरान् कोपरा बघितला. राखाडी ठिपका सापडला म्हणजे आत धूळ गेलीय. या कॅमेऱ्यांचं भिंग काढता येत नाही, म्हणजे धूळ पुसायची तर सगळा खोलावा लागतो. आपल्या गावात धुळीची टंचाई नाही. त्यानंतर भिंग हातानं झाकून अंधारात एक लांब फोटो, त्यात लाल-निळे टिंब चमकतात का ते बघायला. शेवटी बॅटरी सपाट टेबलावर ठेवून फिरवली. भिंगरीसारखी फिरली तर फुगलेली समजा.

पहिल्याचं काय झालं? पोरगं खेळतं त्याच्याशी.

बे_ऐक_की

माझं उलटंच बे. मी दयानंदला शिकते, आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना जुना डिजिकॅम पाहिजे, तो फ्लॅशवाला, फोटोत चेहरे चमकतात तसला. मामाच्या कपाटात दोन सापडले. एक पातळ, चंदेरी, झक्कास. दुसरा जाडा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. अर्थात पातळ घेतला. नवं ३२ जीबीचं कार्ड आणलं, घातलं, "कार्ड एरर".

कळलं ते असं, की २००६ च्या आधीच्या कॅमेऱ्यांना साधं एसडी कार्डच कळतं, जास्तीत जास्त २ जीबी. त्यावरचं एसडीएचसी त्यांना वाचताच येत नाही, दिसायला मात्र दोन्ही एकसारखी. नव्या पेठेत तीन दुकानं फिरले २ जीबी मागत. एकानं विचारलं, "कशाला, म्युझियमला?" शिवाय पातळच्या बॅटरीचा जीव गेलेला, नवी मिळेना.

आता जाडा वापरते. सेल संपले की कुठल्याही टपरीवर मिळतात. फोटो एकदम भारी येतात, म्हणजे वाईट येतात, पण तेच हवं होतं.

बाराबंदीत_मीही

गड्ड्यासाठी घेताय म्हणून राहवेना. मी काठीबरोबर चालतो, त्यामुळे स्वतः फोटो कमी काढतो, पण भाऊ दोन्ही प्रकारचे कॅमेरे घेऊन हिंडलाय.

सम्मती कट्ट्यावर अक्षता सोहळा दुपारी असतो. ऊन, आणि डोक्यापासून पायापर्यंत पांढरे लोक. कॅमेरा एवढं पांढरं बघून बुचकळ्यात पडतो. कधी सगळं करडं करून टाकतो, कधी सावलीतल्या चेहऱ्याच्या नादात बाराबंदीच्या (पांढऱ्या अंगरख्याच्या) चुण्या पार उडवतो. म्हणून दोन-चार फोटो काढून बघायचं आणि एक्स्पोजर कमी-जास्तची कळ फिरवायची. इथं मोठा सेन्सर कामाला येतो. रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं न घडवलेल्या कच्च्या फाइलमध्ये, काढलं की उजळ भागातलं थोडं मागे आणता येतं. एचएक्सला रॉ नाही, जे उडालं ते उडालं. पण कट्ट्याजवळ जागाच मिळाली नाही तर? लांबून आरएक्सवाल्याला डोकीच डोकी. भावानं एका वर्षी टोप्यांचेच फोटो आणले.

शोभेच्या दारूकामाच्या रात्री दोन्हींत तितका फरक पडत नाही. होम मैदानावर कॅमेरा कठड्यावर टेकवायचा, आयएसओ (वाढवला की चित्र उजळ पण दाणेदार होतं) सगळ्यात कमी, एफ ८, दोन ते चार सेकंद, आणि बोटाचा धक्का लागू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. झूम विसरा, दारू डोक्यावरच फुटते. होमाच्या रात्री मात्र माणसं हलतात, तेव्हा टेकवून भागत नाही, उजेड ओढणारं भिंगच लागतं.

शंका_काढणारा

एक इंच सेन्सर म्हणतात त्याची कुठलीच बाजू एक इंच नाही. कर्णसुद्धा जेमतेम १६ मिलिमीटर. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यातल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या मापावरून ते नाव चालत आलंय. धागाकर्तीनं मिलिमीटर लिहिले, बरं केलं.

जुळे_सोलापूरकरीण

सगळ्यांना उत्तर एकदम देते. काल संध्याकाळी भाचा आणि मी दोन्ही कॅमेरे घेऊन तलावावर गेलो. फोटोग्राफरनं दोन तासांसाठी दिले, आमचा मोबाईल गहाण ठेवून. बॅटरी एकच होती, ती इकडून तिकडे. टॉवेलवाल्या दादांचं ऐकून एक चादरही नेली होती. लोक बघत होते.

दिवे लागल्यावर भाच्याला पायरीवर बसवलं आणि झूम न करता दोन्हींनी काढलं. शटरचा वेग सारखाच ठेवला, तर झूमवाल्यानं आयएसओ १६०० घेतला आणि आरएक्सनं ४००. घरी मोठं करून बघितलं, तर एकात मिशीचा केस न् केस दिसत होता, दुसऱ्यात मिशी म्हणजे काजळाचा फराटा. मग पलीकडच्या काठावरून देवळाचं शिखर. एचएक्सनं कळस असा आणला की वर बसलेलं कबुतर मोजावं. आरएक्समध्ये कळस मोहरीएवढा. खरं सांगते, त्या कबुतरानं मला हलवलं. तिथंच झूमवाला घेऊन टाकणार होते.

रात्री काकांनी सांगितलं तसं साडेतीनशे मोजले. लांबचे एकेचाळीस. बाकी सगळे सासूबाई, पोरं, जावा, रस्त्यावर भेटलेली माहेरची माणसं, बांगडीच्या स्टॉलवरचे हात, आणि त्यातले अर्ध्याहून जास्त दिवे लागल्यानंतरचे. बाशिंगाचे नऊ.

आरएक्स घेतला. आज सकाळी पोळलेल्या दादांच्या पद्धतीनं दहादा चालू-बंद केला, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला. डावीकडे वर एक ठिपका दिसला आणि काळजात धस्स झालं. दुसऱ्या भिंतीवर काढला तर नाही. पहिल्या भिंतीलाच खिळ्याचं भोक होतं.

वाटसरू दादा, तुमचा एचएक्स अक्षतेच्या दिवशी एका दुपारपुरता मिळेल का? बॅटरी माझी आणीन.

नान्नजचा_वाटसरू

मिळेल. पण कबुतर नको, बाशिंगच काढा.