दारणा नदीतला मासा पकडायचा की नाही?

दारणाकाठ
सिडकोकरांनी काल लिहिलं की नदीतले मासे आणि रानातली जनावरं पकडून अभ्यास करणं म्हणजे मुक्या जिवांचा छळ आणि पैशाची नासाडी, टाकीत वाढवलेल्या माशांवर सगळं कळतं. इतका राग आला की उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना. 23 वर्षं बारावीला जीवशास्त्र शिकवतेय मी.

सगळं नाही कळत. झेब्राफिश घ्या. मूळचा आपल्याकडच्या ओढ्यांतला, भातखाचरांतला, आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. टाकीतल्या पिढ्यांमध्ये नर की मादी हे कशावरून ठरतं याचा नीट पत्ता लागत नव्हता. 2014 मध्ये रानातून आणलेल्या वाणांची तपासणी झाली, तेव्हा चौथ्या गुणसूत्रावर ते ठरवणारा भाग सापडला. प्रयोगशाळेत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या दोन वाणांमधून नेमका तोच नाहीसा झाला होता. टाकीत जे उरलंच नाही ते टाकीत शोधून कसं सापडेल?

आणि घरचं सांगते. 1938 मध्ये होरा आणि मिश्रा या मत्स्यशास्त्रज्ञांनी आपल्या नाशिकच्या देवळालीजवळच्या दारणेतल्या एका बोटभर माशाचं वर्णन केलं. पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रेटेरी. आज तो आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत अतिसंकटग्रस्त आहे. तेव्हा तो कुणी पकडून बाटलीत ठेवला नसता, तर आपल्या नदीतून काय नाहीसं होतंय हे आपल्याला कळलंही नसतं.

सिडकोकर
मॅडम, मीच तो. शब्द मागे घेत नाही. कॉलेजात आमच्या बॅचला बादलीभर बेडूक चिरायला दिले होते. माझ्या ट्रेमधला अर्धवट शुद्धीत होता. पाय झाडत होता. त्यातून मी काय शिकलो? काही नाही. पुढे तीन महिने प्रॅक्टिकलला जायची भीती वाटायची. तुम्हीच म्हणता मासा अतिसंकटग्रस्त आहे, मग उरलेलेही बाटलीत घालायचे का? आधी गोदावरीत येणारे नाले बंद करा. मासा बाटलीतल्या फॉर्मॅलिनने नाही, स्वच्छ पाण्याने वाचतो.

गंगापूरचं जाळं
आम्ही तीन पिढ्या धरणावर मासे धरतो. आज्याच्या येळेला मरळ, वांब, खडशी रोज लागायची. आता जाळं वढलं की बाहेरनं आलेली चिलापी अन् चिलापी. हे सांगायला कुणा सायबाची गरज नाय. दोनदा कॉलेजची पोरं आली, आमच्याच होडीत बसली, मासे मोजले, काट्यावर घातले, वहीत लिवलं. त्या वहीत काय निघालं ते आजपर्यंत कुणी सांगायला आलं नाय.

निफाडचा ऊस
मासे राहू द्या बाजूला. आमच्याकडे वाघाचं बोला. बिबट्या म्हणतात तुमच्याकडे. मागच्या हंगामात गोठ्यातून वासरू नेलं, दीड वर्षाचं. सकाळी उसाच्या सरीत नुसती मान सापडली. लाईट रात्रीची, पाणी भरायला जायचं मी आणि माझा पोरगा, एक बॅटरी एक काठी. त्या बिबट्यांना गळ्यात माग सांगणारे पट्टे लावून तुम्ही काय शिकलात? पकडा आणि लांब जंगलात नेऊन सोडा, विषय संपला.

दारणाकाठ
दादा, वासराचं वाचून वाईट वाटलं. पण पकडून लांब सोडायचं, हे करून झालंय, आणि त्याचा हिशोबही झालाय. जुन्नर भागात 2001 पासून बिबटे पकडून सरासरी चाळीसेक किलोमीटर लांब सोडले. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले व्हायचे, ते 17 वर गेले. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये हे छापलं. नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेला एक नर काढून, पट्टा लावून माळशेजला सोडला, तर तो चालत पार मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. सोडलं तिथे तो थांबत नाही, हे पट्ट्यामुळेच कळलं ना?

निफाडचा ऊस
जुन्नरचे आकडे मला नका सांगू. तुमच्या मुलाला रात्री दोनला उसात पाठवा, मग आकडे सांगा.

दारणाकाठ
माझ्या मुलाचं नाव कशाला मध्ये? दिवसा वीज मिळावी यासाठी मी तुमच्या बाजूने सही केली आहे. पिंजरा लावून पोरगा सुरक्षित झाला असं वाटणं जास्त धोक्याचं आहे, एवढंच म्हणतेय. गोठा वरून जाळीने बंद करा. आणि मोकाट कुत्री. नगर जिल्ह्यातल्या अकोल्याला बिबट्याच्या खाण्यात वजनाने 39 टक्के कुत्री निघाली, शेळ्या फक्त 11. तो वस्तीवर येतो तो बहुतेक कुत्र्यांसाठी.

सिडकोकर
हे 39 टक्के कशावरून काढले मॅडम? विष्ठेवरून. एकही बिबट्या न पकडता. माझं म्हणणं तुम्हीच सिद्ध केलंत. आता नदीचं लिटरभर पाणी गाळूनही त्यात कुठल्या माशाचा डीएनए आहे ते सांगतात.

दारणाकाठ
बिबट्याच्या विष्ठेचं मान्य, तिथे तुम्ही बरोबर आहात. पाण्याचं अर्धंच मान्य. पाण्यातला डीएनए कशाशी जुळवून बघणार? कुणीतरी तो मासा हातात घेऊन, ओळखून, त्याचा नमुना आधी ठेवलेला असावा लागतो. दारणेतल्या त्या माशाच्या डीएनएचा नमुनाच नसेल तर गाळलेलं पाणी मुकं.

सिडकोकर
मग जिवंत पकडा, शेपटीच्या पराचा कणभर तुकडा घ्या आणि तिथेच सोडून द्या. एवढं असेल तर माझी हरकत नाही. पण बेडकांच्या बादलीला कुणी अभ्यास म्हणू नये. त्यावर मी हटणार नाही.

निफाडचा ऊस
गोठ्याला जाळी किती गेजची लागते ते सांगा. पिंजऱ्याचं मला अजून पटलेलं नाही. लाईट आली, निघतो.

गंगापूरचं जाळं
ताई, त्यो बारका मासा दगडाखाली असंल तर आमची पोरं दावतील. होडीचं भाडं नको. पन काय निघालं ते सांगायला या टायमाला परत यायचं.